लहान दंतचिकित्सालयातील कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा : निवडीपूर्वी जाणून घ्यावयाच्या बाबी

लहान दंतचिकित्सालयातील मनुष्यबळ मोजके असते. एक किंवा दोन दंतवैद्य, खुर्चीजवळ मदत करणारे दोन-तीन सहायक, उपकरणांचे निर्जंतुकीकरण करणारी एखादी व्यक्ती, स्वागतकक्ष आणि हिशेब सांभाळणारा कर्मचारी, सफाई कामगार आणि ठरावीक दिवशी येणारे विशेषज्ञ, एवढाच हा व्याप असतो. मोठ्या कंपन्यांप्रमाणे येथे स्वतंत्र मनुष्यबळ विभाग नसतो. त्यामुळे कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य विमा घ्यावा काय, कोणता घ्यावा आणि त्यात काय तपासावे, हे सारे निर्णय मालक दंतवैद्याला दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत घ्यावे लागतात. अशा वेळी विमा प्रतिनिधीने पुढे ठेवलेल्या दरपत्रकांतून सर्वांत कमी हप्त्याची योजना निवडण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे.

मात्र हप्त्याची तुलना ही या निवडीतील पहिली नव्हे, तर शेवटची पायरी आहे. त्याआधी दोन आकडे हाती असावे लागतात : चिकित्सालयात काम करणाऱ्या व्यक्तींची संख्या आणि प्रत्येकाचे मासिक वेतन. कायद्याचे बंधन कोणते आणि बाजारातील कोणते मार्ग खुले आहेत, हे या दोन आकड्यांवरून ठरते. विम्याची खरी कसोटी लागते ती सर्वांत कमी वेतन असलेला कर्मचारी रुग्णालयात दाखल झाल्यावर. बिलातील किती रक्कम त्याच्या खिशातून जाते, यावरून विमा उपयोगी पडला की नाही हे कळते.

दहा कर्मचाऱ्यांची सीमारेषा

दहा किंवा अधिक व्यक्ती काम करीत असलेल्या आस्थापनांना कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजेच ईएसआय, लागू होते. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याचा भाग आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

योजनेसाठी वेतनाची मर्यादा दरमहा २१,००० रुपये असून ती १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ती २५,००० रुपये आहे. या मर्यादेपेक्षा अधिक वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला योजनेचा लाभ मिळत नाही. तथापि, आस्थापनेत दहा माणसे आहेत काय हे मोजताना त्यालाही धरले जाते. अनेक दंतचिकित्सालयांचा हिशेब नेमका येथेच चुकतो. सहा सहायक, एक स्वागतिका, एक सफाई कामगार आणि मासिक पगारावरील दोन दंतवैद्य असा संच असेल, तर दंतवैद्यांचा पगार मर्यादेबाहेर असूनही संख्या दहा भरते.

ठरावीक दिवशी येऊन प्रत्येक रुग्णामागे मानधन घेणारे विशेषज्ञ सर्वसाधारणपणे कर्मचारी ठरत नाहीत. मात्र करारात काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप महत्त्वाचे असते. ठरलेल्या वेळी रोज येणारा, रजेसाठी परवानगी मागणारा आणि दरमहा ठरावीक रक्कम घेणारा दंतवैद्य कागदावर ‘सल्लागार’ असला, तरी त्याच्याबाबत वाद उद्भवू शकतो.

नव्या संहितेत वेतनाची व्याख्याही बदलली आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता हा वेतनाचा गाभा असून, घरभाडे, प्रवास यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जादा भाग वेतनात मिळविला जातो. परिणामी पूर्वी २१,००० रुपयांच्या मर्यादेबाहेर गेलेला एखादा कर्मचारी नव्या व्याख्येनुसार पुन्हा मर्यादेत येऊ शकतो. त्यामुळे पगारपत्रक नव्याने तपासून घेणे आवश्यक आहे.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या चिकित्सालयाने खासगी समूह विमा घेतला, म्हणून ईएसआयची जबाबदारी आपोआप टळत नाही. तसेच योजना एकदा लागू झाल्यानंतर कर्मचारी दहापेक्षा कमी झाले, म्हणून ती सोडताही येत नाही.

ईएसआय : खर्च किती, लाभ कोणते

१ जुलै २०१९ पासून ईएसआयसाठी मालकाचे अंशदान वेतनाच्या ३.२५ टक्के, तर कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के आहे. दरमहा १४,००० रुपये वेतन असलेल्या सहायकासाठी चिकित्सालयाला महिन्याला ४५५ रुपये भरावे लागतात आणि सहायकाच्या वेतनातून १०५ रुपये कापले जातात. वर्षाचा हिशेब केल्यास मालकाचा वाटा ५,४६० आणि कर्मचाऱ्याचा १,२६० रुपये होतो. अंशदान पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावयाचे असते.

या रकमेत कर्मचाऱ्यासह त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय सेवा मिळते आणि अवलंबून असलेले आई-वडीलही कुटुंबात धरले जातात. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा करावी लागत नाही. वय वाढले म्हणून अंशदान वाढत नाही. बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही योजनेत समाविष्ट आहेत.

खासगी आरोग्य विमा आणि ईएसआय यांतील सर्वांत मोठा फरक मात्र वेगळा आहे. खासगी विमा रुग्णालयाचे बिल भरतो, बुडालेला पगार देत नाही. ईएसआयमध्ये आजारपणाच्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. ठरावीक दीर्घकालीन आजारांसाठी हा लाभ वाढीव कालावधीसाठी आणि वेतनाच्या ८० टक्के दराने दिला जातो. प्रसूतीसाठी २६ आठवड्यांचे वेतन महामंडळ देते. कामावर झालेल्या दुखापतीमुळे अपंगत्व आल्यास वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या सहायकासाठी बुडालेला पगार हा कित्येकदा रुग्णालयाच्या बिलाइतकाच मोठा फटका असतो. आजारपण आणि प्रसूती यांच्या रोख लाभांसाठी ठरावीक दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते, हे नव्या कर्मचाऱ्याला आधीच सांगितलेले बरे.

योजनेची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. उपचार महामंडळाच्या दवाखान्यांत, रुग्णालयांत किंवा संलग्न रुग्णालयांत घ्यावे लागतात आणि त्यांची उपलब्धता प्रत्येक शहरात सारखी नाही. म्हणून चिकित्सालयापासून आणि कर्मचाऱ्यांच्या घरांपासून जवळचे ईएसआय रुग्णालय कोठे आहे, तेथे कोणत्या सेवा आहेत, याची प्रत्यक्ष चौकशी करावी. रुग्णालय फार दूर असल्यास काही चिकित्सालये ईएसआयच्या जोडीला लहान रकमेचा खासगी विमाही घेतात.

दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यास

बहुसंख्य लहान चिकित्सालये याच गटात मोडतात. त्यांच्यासमोर तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग स्वेच्छेने ईएसआयमध्ये सहभागी होण्याचा. मालक आणि बहुसंख्य कर्मचारी यांची संमती असल्यास दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेलाही योजनेत येण्याची तरतूद संहितेत आहे. सर्व कर्मचारी वेतनमर्यादेच्या आत असतील आणि ईएसआय रुग्णालय जवळ असेल, तर खासगी विम्याची दरपत्रके मागविण्यापूर्वी या मार्गाचा विचार व्हावा.

दुसरा मार्ग खासगी समूह विम्याचा. त्यासाठी किमान सात जणांचा समूह असावा, अशी अट बाजारात रूढ आहे आणि काही कंपन्या याहून मोठा समूह मागतात. या सातांत केवळ कर्मचारी मोजले जातात की कुटुंबीयही, हे कंपनीनुसार बदलते. पाच कर्मचाऱ्यांच्या चिकित्सालयाला समूह विमा मिळेल की नाही, हे या एका उत्तरावर अवलंबून असते.

तिसरा मार्ग प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावे वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसी घेऊन तिचा हप्ता चिकित्सालयाने भरण्याचा. तीन-चार कर्मचारी असलेल्या ठिकाणी बहुधा हाच व्यवहार्य पर्याय उरतो.

दोन-तीन माणसांसाठीही ‘समूह विमा’ देऊ करणाऱ्या काही योजना बाजारात दिसतात. त्यांत मुख्य पॉलिसी अनेकदा चिकित्सालयाच्या नव्हे, तर मध्यस्थ संस्थेच्या नावे असते. त्या संस्थेने पुढील वर्षी करार चालू ठेवला नाही, तर विमाही संपतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मुख्य पॉलिसी कोणाच्या नावे आहे, हे लेखी विचारावे.

समूह विमा की वैयक्तिक पॉलिसी

समूह विम्याचा प्रमुख लाभ म्हणजे आधीपासून आजारी असलेल्या कर्मचाऱ्यालाही त्यात सामावून घेता येते. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा थायरॉइडचा विकार असलेल्या कर्मचाऱ्याला पहिल्या दिवसापासून संरक्षण देणारी अट समूह पॉलिसीत घालता येते. ती आपोआप असतेच असे नाही. दरपत्रकात तिचा स्पष्ट उल्लेख आहे काय, हे पाहावे लागते.

वैयक्तिक पॉलिसीत हाच कर्मचारी विमा कंपनीच्या छाननीतून जातो. त्याचा प्रस्ताव नाकारला जाऊ शकतो किंवा हप्ता वाढविला जाऊ शकतो. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजेच आयआरडीएआयने, २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून कमाल ३६ महिन्यांवर आणला. तरीही तीन वर्षे हा मोठा काळ आहे. याखेरीज अपघात वगळता पहिले ३० दिवस संरक्षण नसते. हर्निया, मोतीबिंदू यांसारख्या विशिष्ट आजारांसाठी वेगळा प्रतीक्षा कालावधी असतो.

वैयक्तिक पॉलिसीची जमेची बाजू म्हणजे ती कर्मचाऱ्याची स्वतःची असते. नोकरी बदलली तरी हप्ता भरत राहिल्यास ती चालू राहते आणि प्रतीक्षा कालावधीचे उलटलेले महिने वाया जात नाहीत. सलग ६० महिने पूर्ण झाल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. समूह पॉलिसी मात्र एका वर्षाची असते. पहिल्या वर्षी एक-दोन मोठे दावे आले, तर दुसऱ्या वर्षीचा हप्ता लक्षणीय वाढू शकतो. सात-आठ जणांच्या समूहात एका शस्त्रक्रियेचाही संपूर्ण हिशेबावर परिणाम होतो. म्हणून पहिल्या वर्षीचा आकर्षक दर हा कायमचा दर समजू नये.

कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा समूह विम्याचे संरक्षण संपते. अशा कर्मचाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची आणि पूर्ण झालेल्या प्रतीक्षा कालावधीचे श्रेय मिळविण्याची सोय नियमांत आहे. नोकरी सोडणाऱ्या व्यक्तीला ही माहिती वेळेत देणे चिकित्सालयाच्या हातात असते. सहायक दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात, अशा ठिकाणी ही बाब दुय्यम नाही.

जीएसटीमुळे बदललेले गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू आणि सेवा कर रद्द झाला. कौटुंबिक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसींनाही ही सवलत आहे. समूह विम्यावरील १८ टक्के कर मात्र कायम राहिला.

मोठ्या कंपन्या काही करांची वजावट अन्य मार्गाने घेऊ शकतात. दंतचिकित्सालयाची स्थिती वेगळी आहे. आरोग्यसेवा मुख्यतः जीएसटीमुक्त असल्यामुळे हप्त्यावर भरलेला कर चिकित्सालयाला परत मिळविता येत नाही. समजा, समूह विम्याचा मूळ हप्ता ४८,००० रुपये आहे. त्यावर ८,६४० रुपये कर लागून एकूण खर्च ५६,६४० रुपये होतो. हे संपूर्ण पैसे चिकित्सालयाच्या खिशातूनच जातात.

म्हणून समूह विमा आणि वैयक्तिक पॉलिसी यांची तुलना करताना एका बाजूला करासहित आणि दुसऱ्या बाजूला करमुक्त रक्कम मांडावी. सर्व कर्मचारी तरुण आणि निरोगी असतील, तर वैयक्तिक पॉलिसींची बेरीज कमी भरू शकते. एखाद्याला जुना आजार असेल, तर कर भरूनही समूह विमाच उपयुक्त ठरू शकतो.

खोलीभाड्याची मर्यादा

दरपत्रकात विमा रक्कम ठळक अक्षरांत असते. प्रत्यक्षात किती पैसे मिळणार, हे मात्र आतील अटींवरून ठरते. त्यांतील सर्वांत परिणामकारक अट खोलीभाड्याची आहे.

उदाहरणार्थ, विमा रक्कम ३ लाख रुपये असून खोलीभाड्याची मर्यादा दररोज विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. कर्मचाऱ्याला ६,००० रुपये भाड्याच्या खोलीत चार दिवस राहावे लागले. खोलीचे २४,००० रुपये, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि परिचर्या यांचे ८०,००० रुपये, तर औषधे आणि तपासण्यांचे ३०,००० रुपये, असे एकूण बिल १,३४,००० रुपये झाले. खोली मर्यादेच्या दुप्पट दराची असल्याने भाडे तर निम्मे मिळतेच, शिवाय डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा होतो. औषधे आणि तपासण्या यांना ही कपात लागू होत नाही. परिणामी कंपनी १२,०००, ४०,००० आणि ३०,००० असे मिळून ८२,००० रुपये देते. उरलेले ५२,००० रुपये कर्मचाऱ्याने भरावयाचे असतात.

विमा रक्कम ३ लाख असूनही १५,००० रुपये वेतनाच्या सहायकाला जवळपास साडेतीन महिन्यांचा पगार भरावा लागतो. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली किंवा साधी एकबेड खोली मान्य करणारी पॉलिसी थोडी महाग असली, तरी तिची किंमत या हिशेबातून समजते. खर्च आटोक्यात ठेवावयाचा असेल, तर विमा रक्कम थोडी कमी ठेवून खोलीभाड्याची अट काढून घेणे अनेकदा अधिक हिताचे ठरते. मर्यादा ठेवणे अपरिहार्य असल्यास, परिसरातील दोन-तीन रुग्णालयांचे प्रत्यक्ष खोलीभाडे विचारून ती ठरवावी आणि कर्मचाऱ्यांना लेखी कळवावी.

को-पे म्हणजे प्रत्येक दाव्यातील ठरावीक टक्के रक्कम विमाधारकाने भरण्याची अट. दहा किंवा वीस टक्क्यांच्या को-पेमुळे हप्ता कमी होतो. मात्र वाचलेले पैसे मालकाचे असतात आणि वाढलेला भार कर्मचाऱ्यावर पडतो. हातमोजे, मास्क यांसारख्या वस्तूंचे पैसेही सामान्यतः वगळले जातात. ते देणारे अतिरिक्त संरक्षण उपलब्ध आहे काय, हे विचारावे.

वैयक्तिक पॉलिसींची तुलना करताना १ एप्रिल २०२० पासून बाजारात आलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी मापदंड म्हणून वापरता येते. सर्व कंपन्यांकडे तिच्या अटी सारख्याच असतात. तिच्यात पाच टक्के को-पे असून खोलीभाडे विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला कमाल ५,००० रुपये एवढे मर्यादित आहे.

प्रसूती आणि आई-वडील

दंतचिकित्सालयांत तरुण महिला कर्मचारी असतील, तर प्रसूतीच्या अटी काळजीपूर्वक वाचाव्यात. वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीचा खर्च अनेकदा नसतो किंवा त्यासाठी दीर्घ प्रतीक्षा असते. समूह पॉलिसीत पहिल्या दिवसापासून तो समाविष्ट करता येतो, परंतु त्यावर स्वतंत्र मर्यादा असते. सामान्य आणि शस्त्रक्रियेद्वारे होणाऱ्या प्रसूतीची मर्यादा, तसेच नवजात बालकाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे काय, हे दोन्ही पाहावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २६ आठवड्यांच्या वेतनी प्रसूती रजेचे बंधन आहे. विमा हा त्या रजेला पर्याय नाही. ईएसआयच्या कक्षेतील कर्मचारी महिलेचे हे वेतन महामंडळ देत असल्याने लहान मालकावरील भार हलका होतो.

आई-वडिलांचा समावेश केल्यास समूह विम्याचा हप्ता झपाट्याने वाढतो. त्याआधी सरकारी योजनांची चौकशी करणे हिताचे असते. आयुष्मान भारत योजनेअंतर्गत ७० वर्षे किंवा अधिक वयाच्या नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता दरवर्षी कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ पासून उपलब्ध झाले. त्यासाठी आधारच्या साहाय्याने ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढावे लागते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेद्वारे कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, तर तेलंगणात आरोग्यश्री योजना आहे. कर्मचाऱ्याचे आई-वडील गावी किंवा परराज्यात राहत असतील, तर त्या राज्याची योजना पाहावी लागते.

दातांचे उपचार आणि सुईची जखम

दंतचिकित्सालयातील कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यात दातांचे नेहमीचे उपचार बहुधा नसतात. अपघात किंवा आजारामुळे रुग्णालयात दाखल होऊन करावे लागलेले दंतोपचारच सर्वसाधारण पॉलिसी मान्य करतात. त्यासाठी जादा हप्ता भरून बाह्यरुग्ण दंतसंरक्षण घेण्यात चिकित्सालयाला फारसा अर्थ नाही. हे उपचार चिकित्सालय स्वतःच सवलतीत किंवा विनामूल्य देऊ शकते आणि वाचलेली रक्कम खोलीभाड्याची अट सैल करण्यासाठी वापरता येते.

या व्यवसायाचा खरा धोका निराळा आहे. भूल देण्याची सुई, टोकदार उपकरणे आणि रक्तमिश्रित लाळ यांमुळे सहायक आणि सफाई कामगार यांना हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांच्या संसर्गाची शक्यता असते. सुई टोचल्यानंतर एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, कमाल ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. हे सारे उपचार बाह्यरुग्ण स्वरूपाचे आहेत. रुग्णालयात २४ तास दाखल होण्याची अट असलेली सर्वसाधारण पॉलिसी त्यासाठी एक रुपयाही देत नाही.

येथे विमा पुरेसा नाही आणि कायदाही केवळ विम्यावर थांबत नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार असा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांच्या लसी देणे, तसेच नेमणुकीच्या वेळी आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे बंधनकारक आहे. हिपॅटायटिस बीच्या लसीच्या नेहमीच्या तीन मात्रा शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या अंतराने दिल्या जातात. संसर्गाचा विशेष धोका असलेल्या आरोग्यसेवेतील कामातून जडलेले संसर्गजन्य रोग व्यावसायिक रोगांच्या कायदेशीर यादीतही आहेत. त्यामुळे ईएसआयच्या कक्षेबाहेरील कर्मचाऱ्यांसाठी कर्मचारी नुकसानभरपाई विमा आरोग्य विम्यापासून वेगळा घ्यावा. आरोग्य विमा उपचाराचा खर्च देतो, तर हा विमा मालकावर येणारे भरपाईचे दायित्व पेलतो.

हप्ता, कर आणि नोंदी

कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यासाठी मालकाने भरलेला हप्ता आयकरात व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होतो. मात्र तो रोखीने भरलेला नसावा. नियमांत बसणाऱ्या विम्याचा हप्ता कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातही धरला जात नाही. मालक दंतवैद्याने स्वतःच्या कुटुंबाची वैयक्तिक पॉलिसी वेगळी ठेवणे श्रेयस्कर असते. कर्मचारी घटून समूह विमा बंद पडला, तरी त्याचे संरक्षण अबाधित राहते.

विमा कायद्यानुसार हप्ता आगाऊ जमा झाल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरू होत नाही. नवा कर्मचारी रुजू झाला, पण त्याचे नाव कळविले नाही किंवा त्याच्यासाठी पैसे जमा नाहीत, तर दाव्याच्या वेळी तो पॉलिसीबाहेर ठरतो. म्हणून कर्मचारी रुजू होताना, सोडताना, त्याचा विवाह झाल्यावर आणि अपत्य जन्मल्यावर किती दिवसांत नोंद करावयाची, हे पॉलिसीत पाहून एका व्यक्तीकडे हे काम सोपवावे.

दाव्याच्या वेळी

आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात आणि रुग्णालयातून सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे अपेक्षित आहे. तीन तासांपेक्षा विलंब झाल्यामुळे रुग्णालयाने जादा रक्कम आकारल्यास ती कंपनीने सोसावयाची असते. कंपनीच्या जाळ्यातील रुग्णालयांची यादी मागवून त्यांतील किती रुग्णालये कर्मचाऱ्यांच्या घराजवळ आहेत, हे पाहावे. देशभरातील रुग्णालयांची एकूण संख्या जाहिरातीत मोठी दिसते, पण उपयोगाची असते ती जवळची दोन-चार.

दावा नाकारला गेल्यास किंवा कमी रक्कम मिळाल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदविता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाकडे ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी विनाशुल्क चालतात. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

निर्णयाचा क्रम

प्रथम सर्व माणसांची यादी करून संख्या दहा भरते काय, हे पाहावे. भरत असल्यास ईएसआयची नोंदणी आधी करावी. संख्या कमी असल्यास स्वेच्छेने ईएसआयमध्ये जाण्याचा विचार कर्मचाऱ्यांसमोर मांडावा. तो मार्ग सोयीचा नसेल, तर समूह विमा आणि वैयक्तिक पॉलिसी यांची करासह तुलना करावी. जुने आजार, प्रसूती आणि आई-वडील यांविषयी कर्मचाऱ्यांची गरज विचारावी. ही माहिती खासगी असल्याने ती कोणासमोर उघड होणार नाही, याची दक्षता घ्यावी. लसीकरण, वार्षिक तपासणी आणि नुकसानभरपाई विमा यांची तरतूद स्वतंत्रपणे करावी.

अखेरीस निवडीसाठी उरलेल्या प्रत्येक पॉलिसीवर एकच हिशेब मांडून पाहावा. सर्वांत कमी वेतन असलेला कर्मचारी जवळच्या नेहमीच्या रुग्णालयात चार दिवस दाखल झाला, तर एकूण बिलातील किती रक्कम त्याला स्वतः भरावी लागेल, हे विमा प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे. हप्त्यांची तुलना त्यानंतर करावी.